ग्यानोबाचं चालणं

ग्यानोबा सोनकांबळेबद्दल कुणी विचारलं, की मी हसवणाऱ्या गोष्टी सांगतो. तशा त्या पुष्कळ आहेत आणि मला त्या रंगवूनही सांगता येतात. मागच्या वर्षी तो गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी त्याच सांगितल्या. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मी खाली येऊन बसलो, तर मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "चालता-फिरता माणूस होता. सुनेनं कोंडून ठेवला, म्हणून डोक्यावर परिणाम झाला."

मी ते ऐकलं आणि मान वळवली नाही. ती सून, रेखा, समोरच लोकांना पाणी देत फिरत होती. तिनंही ते ऐकलं असावं, कारण तिच्या हातातला तांब्या क्षणभर थांबला.

ग्यानोबा चालायचा कसा, हे मी शंभरदा सांगितलं असेल. तो बसला कसा, हे एकदाही सांगितलं नाही. इतकी वर्षं टाळलं. आता माझंही फार राहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

हिमायतनगरकडच्या एका आरोग्य केंद्रात मी लिपिक म्हणून रुजू झालो, तेव्हा ग्यानोबा तिथं हिवतापाचा कर्मचारी होता. वाड्यांवर आणि तांड्यांवर जायचं, ताप आलेली माणसं हुडकायची, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर येऊन गेल्याची तारीख घालायची, हे त्याचं काम. उंच, काटक, सावळा. पोटऱ्या अशा, की धोतर नेसला असता तर पैलवान वाटला असता. पायात टायरच्या चपला. त्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला, की शिपाई चहाचं आधण ठेवायचा.

पहिल्या दिवशी त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "बाबूसाब, सकाळी जेवले न्हाई का?"

"नाही. का?"

"द्या मग बोट."

मला खरोखरच ताप होता. मी तो लपवला होता, कारण नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी आजारी पडणं बरं दिसत नाही. हीच त्याची रीत होती. कुणाच्याही दारात जाऊन 'ताप आहे का' असं तो विचारायचा नाही. त्या कडू गोळ्यांच्या भीतीनं लोक नाही म्हणायचे. हा आधी प्यायला पाणी मागायचा, उंबऱ्याशी टेकायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा आणि उठता उठता विचारायचा, "आज घरात कुनी जेवलं न्हाई का?" मग सासू सुनेकडं बोट दाखवायची, सून पोराकडं, आणि कोपऱ्यातल्या गोधडीतून एक तापलेलं डोकं बाहेर यायचं.

त्या दिवसापासून मी त्याचा बाबूसाब झालो. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला शेवटपर्यंत अहो-जाहो. वयानं तो माझ्यापेक्षा थोडा मोठाच होता. हे मला खटकायला हवं होतं ते फार उशिरा खटकलं.

खात्यानं त्याला सायकल दिली होती. ती तो रोज नेमानं बाहेर काढायचा आणि हातानं ढकलत न्यायचा. तांड्यापर्यंत ढकलत जायचा आणि ढकलत परत यायचा. मी एकदा न राहवून विचारलं, "अरे, बसायचं नाही तर नेतोस कशाला?"

"सरकारी हाय. घरी ठिवली तर गंजंल. तिलाबी हवा लागू द्या."

"पण बसत का नाहीस?"

"सायकलीवरून मानूस दिसत न्हाई, बाबूसाब. नुसतं डोकं दिसतंय. चालत गेलं की तोंड दिसतं, मग बोलनं व्हतं."

त्याला बसवणं अवघडच होतं. महिन्याच्या बैठकीत सगळे बाकांवर बसायचे आणि हा भिंतीच्या कडेनं येरझारा घालायचा. एकदा नवे वैद्यकीय अधिकारी वैतागून म्हणाले, "सोनकांबळे, खाली बसून सांगा."

"बसलो की इसरतो, साहेब."

सगळे हसले. अधिकारी तरुण होते, तेही हसले आणि म्हणाले, "मग बाहेर व्हरांड्यात फिरा आणि खिडकीतून सांगा." ग्यानोबाला ती थट्टा वाटलीच नाही. तो सरळ बाहेर गेला. या खिडकीत दिसला की एका तांड्याची माहिती यायची, मग तो भिंतीआड जायचा आणि पुढच्या खिडकीत दुसऱ्या तांड्याची. अधिकारी मान या खिडकीकडून त्या खिडकीकडं वळवत राहिले. पुढं ती पद्धतच पडली. शिपाई बैठकीआधी खिडक्या उघडून ठेवू लागला.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं नांदेडला आलो. मी आधी प्लॉट घेतला होता. त्याच गल्लीत पुढं त्यानं घर बांधलं. त्याची बायको शांताबाई घर पुरं व्हायच्या आतच गेली. मुलगा मिलिंद लातूरला कोचिंग क्लासमध्ये शिकवायचा आणि शनिवारी रात्री यायचा. त्याचं लग्न झालं. रेखा नांदेडलाच शाळेत शिक्षिका होती, म्हणून ती सासऱ्याजवळ राहिली.

ती घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नवी सून घराबाहेर पडायची ती देवाला किंवा माहेरी, एवढंच गल्लीला ठाऊक. ग्यानोबा सकाळी तिला घेऊन निघाला आणि एकेका घरासमोर उभा राहिला. "ही आमची रेखा. शाळंत शिकवती. हिला काई लागलं तर द्यायचं. हिला काम सांगायचं न्हाई." रेखाला हसावं की लाजावं कळेना. तिच्या हिरव्या साडीचा पदर सारखा घसरत होता आणि ग्यानोबाच्या चालीला पुरं पडायचं म्हणून ती जवळजवळ पळत होती. माझी बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, पोरीला दमवाल."

"दमली तर बसंल. पन वाट तर ठाव पाहिजे तिला."

गल्लीतल्या बायकांना हे काही रुचलं नाही. सुनेला डोक्यावर बसवून ठेवलं, असं तेव्हा म्हणत होत्या. पुढं सासऱ्याला कोंडून ठेवलं असं म्हणाल्या, त्या याच बायका.

रोज सकाळी ग्यानोबा मला फिरायला न्यायचा. गल्लीतून मुख्य रस्ता, तिथून गोदावरीच्या पुलापर्यंत आणि परत. चालताना तो गाड्यांच्या बाजूनं चालायचा आणि मला आतल्या बाजूला ठेवायचा. झाडूवाल्या बायांना नावानं हाक मारायचा. प्रत्येक टपरीवर थांबायचा, पण चहा कुठंच घ्यायचा नाही. टपरीवाले ओरडायचे, "मामा, एकदा तरी घ्या की!" हा म्हणायचा, "तू हाय का न्हाई ते बघायला आलतो. हायेस. चाललो." पुलावर पोहोचलो की कठड्यावर हात ठेवून पाण्याकडं बघत तो तांड्यांची नावं घ्यायचा. कोणत्या तांड्यावर कोण होतं, कुणाचा पोरगा पुढं पोलिसात गेला, कुणाच्या घरचं ताक चांगलं असायचं. मला त्यातलं निम्मंही आठवत नसे.

माझी बायको गेली आणि त्याच सुमाराला माझे गुडघे गेले. आधी पुलापर्यंत जाणं बंद झालं, मग मुख्य रस्त्यापर्यंत. ग्यानोबा माझ्या चालीनं चालायचा, मला घरी पोचवायचा आणि मग एकटा पुन्हा पुलाकडं निघायचा. हे मला दिसत होतं. एक दिवस मीच म्हणालो, "तू जा. माझ्यानं होत नाही." तरी तो बरेच दिवस फाटकाशी येऊन हाक मारायचा. मग गल्लीतले दोघं-तिघं नवे निवृत्त त्याच्यासोबत निघू लागले. मी अंगणात खुर्ची टाकून बसायचो. त्यांची टोळी कोपऱ्यावर वळायची, हसण्याचा आवाज यायचा, मग तो कमी कमी होत जायचा. ती वेळ मला दिवसातली सगळ्यात वाईट वाटायची. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

एका सकाळी ती टोळी लवकर परत आली. दोघांनी ग्यानोबाला धरलं होतं. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम.

"छातीत पाखरू फडफडून राह्यलं, बाबूसाब," तो म्हणाला आणि माझ्या खुर्चीत बसला.

मिलिंद लातूरला आणि रेखा शाळेच्या परीक्षेत. आरोग्य खात्यातला म्हणून गल्लीत दुखण्याखुपण्याचं मलाच विचारायचे. मीच रिक्षा करून त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्याला आत तपासणीला झोपवलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी नातेवाईक म्हणून मला समोर बसवलं. त्यांनी काय सांगितलं ते मला शब्द न् शब्द आठवतं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात, म्हणून ठोका चुकतो. रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी कधीही चुकवायची नाही. हा आठवडा आराम. त्यानंतर रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं. दम लागला, चक्कर आली तर थांबायचं आणि त्यांना कळवायचं.

"पण बसवून ठेवू नका," ते म्हणाले. "चालणारा माणूस आहे. चालू द्या."

संध्याकाळी आम्ही परतलो, तेव्हा रेखा फाटकाशीच उभी होती. "काका, काय म्हणाले डॉक्टर?"

मी सांगितलं, "गोळी चुकवायची नाही. आणि आराम."

"किती दिवस?"

इथं मी थांबलो. एवढंसं थांबणं होतं ते. मग म्हणालो, "आता आरामच समज. हृदयाचं दुखणं आहे."

मला भीती वाटत होती, हे खरं आहे. त्याचा तो राखेसारखा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता. त्याच्या जिवाला जपतोय, असं मी मनाला सांगितलं आणि मन लगेच ऐकलं. पण नुसती भीती असती तर मी डॉक्टरांचं पुढचं वाक्यही सांगितलं असतं आणि वर म्हणालो असतो, मला भीती वाटते. तसं मी केलं नाही. त्या सकाळी ग्यानोबा माझ्या खुर्चीत बसला होता आणि उद्याही तो तिथं बसावा असं मला वाटत होतं.

ग्यानोबानं विचारलं, "म्हंजी चालायचं न्हाई?"

"नाही."

"पुलापस्तोर न्हाई. पन कोपऱ्यापस्तोर?"

"अरे, आयुष्यभर चाललास. आता बसून खा."

आमच्याकडं 'बसून खा' हा आशीर्वाद आहे. पोरगा कमावता झाला, सून आली, आता म्हाताऱ्यानं बसून खायचं. म्हातारा स्वतः उठून पाणी प्यायला, तर त्यात घराची नामुष्की. त्यामुळं माझं म्हणणं कुणाला वावगं वाटलंच नाही. सगळी गल्ली माझ्या मदतीला धावली. मिलिंदनं लातूरहून गादीची खुर्ची आणली. रेखा शाळेत जाताना पाण्याचा तांब्या, डबा, गोळ्या, सगळं हाताशी ठेवून जायची. तो उठायला लागला तर रस्त्यानं जाणारा कुणीही म्हणायचा, "मामा, बसा! काय पाहिजे, आमाला सांगा." शेजारची शाळकरी पोरंसुद्धा त्याच्या चपला उचलून आत ठेवायची. एवढ्या मायेनं वेढलेला माणूस उठणार तरी कुठून?

त्याची गादीची खुर्ची माझ्या अंगणात, कडुनिंबाखाली आली. पहिलं वर्ष माझ्यासाठी फार सुखाचं गेलं, हे लिहिताना लाज वाटते, पण ते सुखाचंच होतं. सकाळी तो यायचा, आम्ही पेपर वाचायचो, पुढाऱ्यांना नावं ठेवायचो, शेंगा खायचो. कोपऱ्यावरून ती टोळी वळायची आणि आता आम्ही दोघं मिळून तिची टिंगल करायचो.

"चालले बघा. पूल जागेवर हाय का बघायला," ग्यानोबा म्हणायचा. हसायचा. पण ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत तिकडंच बघायचा.

काही महिन्यांनी मी त्याला पुन्हा त्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नाडी पाहिली, गोळ्या पाहिल्या आणि त्याला विचारलं, "चालणं सुरू आहे ना?" ग्यानोबानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "हो, हो." ग्यानोबानं माझ्याकडं पाहिलं. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "डाक्टर चालन्याचं काऊन इचारत होता?"

"विचारतात सगळ्यांना."

"हाव," तो म्हणाला आणि बाहेर बघू लागला.

त्या 'हाव'चा, त्या होकाराचा, अर्थ मला आजवर लागलेला नाही. त्याला माझं म्हणणं पटलं की सगळं कळलं आणि कळूनही तो माझ्यासाठी बसला? त्याच्यासारख्याला कळलं नसेल असं वाटत नाही. पण कळलं असेल, तर मला त्याचा विचार करवत नाही. पुढं ते डॉक्टर हैदराबादला निघून गेले. गोळ्या तेवढ्या चालू राहिल्या.

विसरणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. आधी एकच गोष्ट दोनदा यायची, तशी ती सगळ्याच म्हाताऱ्यांची येते. मग तांड्यांची नावं अडू लागली. तो बोटं नाचवायचा, "ते न्हाई का... ताकवाली बाई... ते..." आणि मला ते नाव कधीच माहीत नसायचं. मग पेपर उलटा धरलेला दिसू लागला. एके दिवशी त्यानं रेखाला विचारलं, "बाई, तुमचं गाव कोनचं?" ती शाळेला निघाली होती. पर्स खांद्यावरून काढून ती तिथंच त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याला आपलं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, भावांची नावं सांगितली. त्या दिवशी ती शाळेत उशिरा गेली.

मग एका दुपारी तो नाहीसा झाला. रेखा शाळेत होती, मी जेवून आडवा झालो होतो. शोधाशोध झाली. संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या वसाहतीतून फोन आला. एका घरात तो ओसरीवर बसला होता. घरच्या बाईंनी सांगितलं, "आधी पाणी मागितलं. मग विचारलं, घरात आज कुणी जेवलं नाही का. मला वाटलं, सरकारी सर्वेचे असतील. नातीला बरं नव्हतं, तर तिचं बोट धरून बसले. सोडेचनात. पण बोलले फार मायेनं."

मी आणि रेखा त्याला घेऊन आलो. रिक्षात रेखा रडत होती आणि तो तिला सांगत होता, "पोरीला ताप हाय. गोळ्या संपल्या. उद्या पुन्ना जावं लागंल."

दुसऱ्या दिवसापासून रेखा शाळेत जाताना फाटकाला बाहेरून कडी घालू लागली. आत एक बाई ठेवली होती, पण ती म्हातारी आणि ग्यानोबाचे हात अजून दणकट. तो फाटक हलवत उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "काढा हो कडी. लांब जायचंय." हे ऐकून गल्लीनं काय म्हणायचं ते म्हटलं. "नोकरी सोडवत नाही, सासरा कोंडायचा." माझ्या अंगणातही म्हटलं, माझ्यासमोर. मी एवढंच म्हणायचो, "तिचाही नाइलाज आहे." गल्लीला ते माझं मोठं मन वाटायचं.

मिलिंदनं लातूरहून येऊन त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. पण ऐन वेळी क्लासमुळं त्याला यायला जमलं नाही, म्हणून रेखा आणि मी गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं. स्मृतिभ्रंश आहे, त्या म्हणाल्या. हृदयाचा ठोका ज्यांचा असा अनियमित असतो, त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो. मग विचारलं, "चालणं-फिरणं किती होतं?"

रेखा म्हणाली, "आधी खूप चालायचे. हृदयाच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं."

त्या बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "बंद? पूर्ण? असं सहसा सांगत नाहीत. उलट अशा माणसांनी झेपेल तितकी हालचाल ठेवावी. जे ठेवतात त्यांच्यात विसरणं कमी आढळतं."

रेखानं माझ्याकडं पाहिलं. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि ग्यानोबा खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होता. मी म्हणालो, "तेव्हाची पद्धत वेगळी होती."

"असेल," डॉक्टर बाई म्हणाल्या.

बाहेर पडताना मी एकटाच मागं राहिलो आणि त्यांना विचारलं, "चालत राहिले असते, तर हे झालं नसतं का?"

"ते एका माणसाबद्दल कुणीच सांगू शकत नाही, काका. चालणारेही विसरतात. चालण्यानं शक्यता कमी होते, एवढंच म्हणता येतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्या उत्तरावर मी बरेच दिवस टेकून राहिलो. कुणीच सांगू शकत नाही! पण ज्याची शक्यता गेली तो ग्यानोबा होता आणि ती घालवायचा हक्क मला कुणी दिला नव्हता, हे त्या उत्तरानं पुसलं जात नव्हतं.

शेवटी रेखानं लातूरला बदली मागून घेतली आणि ती ग्यानोबाला घेऊन मिलिंदकडं गेली. घराला कुलूप लागलं. गादीची खुर्ची माझ्याच अंगणात राहिली. पावसात तिची गादी फुटली, तेव्हा मी ती भंगारवाल्याला दिली.

वर्षभरानं मी लातूरला गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. एसटीत अहमदपूरपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. औशाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार रेखानं उघडलं. तिचे केस एवढ्यात पांढरे झाले असतील असं वाटलं नव्हतं.

ग्यानोबा हॉलमध्ये भिंतीच्या कडेनं चालत होता. एक हात भिंतीला लावून, सोफ्यामागून, टीव्हीसमोरून, दारापर्यंत. दाराची कडी चाचपायची, वळायचं, पुन्हा सुरू. भिंतीवर त्याच्या हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता.

"इथं आम्ही त्यांना बसवत नाही," रेखा म्हणाली. "संध्याकाळी मी खाली नेते, रस्त्यापर्यंत. त्या डॉक्टर बाईंनी सांगितल्यापासून."

ती चहा ठेवायला आत गेली. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "ग्यानोबा, मी बाबूसाब."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "कोन गाव?"

"नांदेड."

"लांबून आले." त्यानं माझा हात धरला. तो हात अजून गरम आणि खरबरीत होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हणालो, "ग्यानोबा, मला तुला एक सांगायचं आहे. तेव्हा डॉक्टरांनी..."

"चालत चालत सांगा," तो म्हणाला आणि निघाला.

मी त्याच्याबरोबर निघालो. सोफ्यामागून, टीव्हीसमोरून, दारापर्यंत. माझे गुडघे करकरत होते. पहिल्या फेरीत तो पुढं ओढत होता. दुसऱ्या फेरीत त्याची चाल हळू झाली, माझ्याएवढी. मी बोलत होतो, तो "हाव, हाव" म्हणत होता. मी सगळं सांगितलं. दाराशी आलो की तो कडी चाचपायचा आणि मी वाक्याच्या मध्ये थांबायचो. सांगून झाल्यावर त्यानं माझा हात सोडला, मला भिंतीशी टेकवून उभं केलं आणि तो एकटाच पुढच्या फेरीला गेला. मी त्याला पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पाठमोरा, ताठ, भिंतीला हात लावून चाललेला.

पण ऐकायचं होतं ते रेखानं. ग्यानोबाला सांगणं सोपं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

ती मला स्कूटीवर बसस्थानकावर सोडायला आली. नांदेडची गाडी लागलेली होती. मी आत चढून खिडकीशी बसलो. ती खाली फलाटावर उभी. पाण्याची बाटली वर देताना तिनं ती हातातच ठेवली आणि म्हणाली, "काका, एक विचारू? तेव्हा डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते? आराम किती दिवस म्हणाले होते?"

मी बाटलीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

"मी फार आठवून बघते. तुम्ही फाटकापाशी सांगत होता, तेव्हा माझ्या डोक्यात पेपरांचे गठ्ठे होते. मीच अर्धवट ऐकलं का, असं वाटत राहतं. मिलिंद काही बोलत नाहीत, पण त्यांनाही तेच वाटतं. माझ्या ऐकण्यातच चूक झाली असेल, तर..."

कंडक्टर दारात उभा राहून "अहमदपूर, लोहा, नांदेड" असं ओरडत होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "मला आता आठवत नाही गं. वय झालं."

तिनं लगेच बाटली माझ्या हातात दिली. "जाऊ द्या, काका. मी उगाच विचारलं. तुम्ही जपून जा." आणि वर हात करून तिनं माझ्या मनगटावर थोपटलं, जसं ती ग्यानोबाच्या थोपटत असेल.

त्यानंतर फोन झाले. ग्यानोबा गेला तेव्हा भेट झाली. पुण्यानुमोदनाला ती नांदेडला आली, माझ्या पाया पडली. तेव्हाही मी तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिलो.

रेखा, तू बरोबर ऐकलं होतंस. मीच अर्धं सांगितलं होतं.